एकच नमुना

३ मार्च, मंगळवार

सकाळी शर्टांच्या कारखान्यात कामावर. निळ्या शर्टांच्या कॉलर कापल्या. दुपारी बंदरावरच्या साहेबाचा फोन आला. नदीच्या मुखाशी, गाळात, एक माणूस सापडला. म्हणजे माणसाचं शरीर. बुडालेल्या मालवाहू बार्जवरचा असावा, येऊन जा म्हणाला.

कारखान्याच्या मास्तरांना सांगून निघाले. इस्पितळाच्या मागे उतार आहे, उताराच्या शेवटी थंड खोली. मला आत नेलंच नाही. साहेब म्हणाला, "बघून उपयोग नाही. महिनाभर पाण्यात होता. चेहऱ्यावरून कुणालाच सांगता येणार नाही." एका ट्रेमध्ये पट्टा आणि एक बूट ठेवला होता. दोन्ही कंपनीने दिलेले. दोघांनाही तेच दिलेले.

दोघं म्हणजे माझा धाकटा भाऊ आणि इंजिनवाला. बार्जवर त्या दिवशी दोघंच होते. उंचीला सारखे, अंगाने सारखे. बाहेर बाकावर इंजिनवाल्याची बायको बसली होती. पूर्वी कधी भेटलो नव्हतो.

"तुमचं कोण?"

म्हटलं, भाऊ.

"माझा नवरा."

मग दोघी त्या एकाच दाराकडे बघत बसलो.

घरी येऊन आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीसारखं त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं. बार्ज बुडाल्यापासून रोज ठेवते. सकाळी ती उठायच्या आत मी ते रिकामं करून घासून टाकते.

४ मार्च, बुधवार

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथल्या बाई माझ्याच वयाच्या असतील. हळू बोलतात. डीएनए जुळवून बघायचा म्हणाल्या. आईचं रक्त मिळालं तर सगळ्यात चांगलं, कारण मुलातलं अर्धं आईकडूनच आलेलं असतं. बहिणीचंही चालतं, पण खात्री थोडी कमी.

बंदरावरच्या साहेबाने रक्त लागेल असं आधीच सांगितलं होतं, म्हणून आईला कालच विचारलं होतं. "माझं रक्त नेणार, त्या मढ्याशी जुळवणार, आणि मला येऊन सांगणार की तो गेला. म्हणजे माझ्याच रक्ताने त्याला मारायचं. मी नाही देणार." पुढे बोलायची सोय नव्हती.

म्हणून मी दिलं. आधी प्रश्न विचारले — नाव, वय, नातं, गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलंय का. नाही म्हटलं. नळीवर चिठ्ठी लावली.

इंजिनवाल्याच्या बायकोनेही बाही वर केली. "माझं पण घ्या." तिला मूल नाही. नवऱ्याकडचंही कुणी उरलेलं नाही. बाई अवघडल्या. म्हणाल्या, "तुमच्यात त्यांचं काही नसतं हो."

"एवढा संसार केला, आणि काहीच नाही?"

"त्यांचा कंगवा, दात घासायचा ब्रश असं काही असेल तर आणा."

"सगळं बार्जवर. घरी होतं ते मी धुऊन ठेवलं. येणार म्हणून." तिने बाही खाली ओढली.

५ मार्च, गुरुवार

दिवसभर बाह्या कापल्या. कुणाशी बोलले नाही. कुणी बोललं नाही तेच बरं.

८ मार्च, रविवार

आईने त्याचे कपडे उन्हात टाकायला लावले. ओल लागेल म्हणते.

लहानपणापासून तो सारखा गुणगुणायचा. शब्द नाहीत, चाल नाही, नुसतं नाकातल्या नाकात. अंघोळ करताना, जेवताना, परीक्षेतसुद्धा — मास्तरीणबाईंनी वर्गाबाहेर काढला होता. म्हणून त्याचं नाव पडलं भुंगा. आई मात्र लोकांना सांगायची, "देवाने असा एकच नमुना काढला आणि साचा मोडून टाकला." त्यावर भुंगा म्हणायचा, "मोडला नाही गं, लपवून ठेवलाय."

दुपारी त्याचे शर्ट इस्त्री करत होते. आई आतल्या खोलीत पडली होती. तिथून हाक आली, "भुंग्या? आलास?"

मी इस्त्री उभी केली. म्हटलं, आई, मी आहे.

"मग गुणगुणतंय कोण?"

कोणीच नाही, म्हणणार होते. मग लक्षात आलं, घशात काहीतरी हलत होतं. मी तोंड मिटलं तेव्हा थांबलं.

मी कधी गुणगुणत नाही. मला जमतही नाही.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तिला आकार तेवढे दिसतात. पण कान तीक्ष्ण आहेत.

१२ मार्च, गुरुवार

हे नीट लिहून ठेवते.

प्रयोगशाळेतून सकाळी फोन. लगेच या, एकट्याच या. गेले. बाईंनी दार लावून घेतलं. समोर कागद होते, पण त्या कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

"त्या दिवशी रक्त तुम्हीच दिलंत ना?"

"तुमच्यासमोर दिलं."

"मलाही तेच आठवतंय. पण नळीतलं रक्त पुरुषाचं आहे."

मला काही कळलं नाही. त्या पुढे म्हणाल्या, "आणि नुसतं पुरुषाचं नाही. तिकडे थंड खोलीत जो आहे, त्याचंच आहे. भावाबहिणीत जुळतं तसं नाही. सगळंच्या सगळं. एकच नमुना. कागद बघून कुणीही म्हणेल की मयताचंच रक्त दोन नळ्यांत भरलं. माझी नोकरी जाईल, ते सोडा. पण मी भरलेलं नाही."

भिंतीवरचा पंखा जरासा वाकडा फिरत होता. मग माझ्या तोंडून निघालं, "मी चोविशीत असताना आजारी होते. रक्ताचा कॅन्सर. भुंग्याने बोन मॅरो दिला होता. हाडातला मगज."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही तीन महिन्यांतलं विचारलं होतंत."

खरंच एवढंच कारण. ते माझ्या डोक्यात आलंही नाही. घरी तो विषयच कधी निघत नाही. बरी झाले, संपलं. रक्ताचा गट बदलला तेव्हा भुंगा हसला होता, "ताई, आता चिमटा काढलास तर मलाच लागेल." शेंगदाणा खाल्ला की त्याच्या अंगावर गांधी उठायच्या. मला पूर्वी कधी उठत नव्हत्या. नंतर उठायला लागल्या. त्याचंही हसूच केलं आम्ही.

बाईंनी समजावलं. अंगातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळा डीएनए असतो, डोक्यापासून पायापर्यंतचा. पण कातडीची पेशी त्यातलं कातडीपुरतं वाचते, काळजाची पेशी काळजापुरतं. मला ते आमच्या कारखान्यासारखं वाटलं. पुठ्ठ्याचा सगळा शर्ट सगळ्यांच्या समोर टांगलेला असतो, मास्तर त्याला नमुनाच म्हणतात. कॉलरवाली त्यातली कॉलर घेते, बाहीवाली बाही. बाकीच्याला हात लावत नाही. मी तसं म्हटलं. बाई म्हणाल्या, "अगदी तसंच. आणि पुठ्ठा झिजला की?"

"फेकायच्या आधी त्याच्यावरून नवा काढून घेतात."

"पेशीही तेच करते. दोन व्हायच्या आधी नक्कल काढते. रक्त जिथे तयार होतं ना, तुमच्या हाडात, तिथे तुमचा नमुना औषधांनी काढून टाकला आणि भावाचा टांगला. तेव्हापासून रोज त्याच्यावरूनच कापलं जातंय."

"रोज?"

"आत्ताही."

मी हात मांडीखाली घेतले.

म्हटलं, म्हणजे तिकडे आहे तो भुंगाच. बाई म्हणाल्या, मला तसं दिसतंय, पण मी आज तसं लिहू शकत नाही. एक जिवंत बाई म्हणते ही नळी माझी, आणि निघते मेलेल्याची. असा कागद कुणी मान्य करणार नाही. केसांची मुळं तुमची स्वतःचीच राहतात. तीही द्या. आणि काही करून आईंना आणा.

मुळासकट केस उपटून दिले. डोळ्यात पाणी आलं. केस उपटल्याचं होतं.

१३ मार्च, शुक्रवार

कामावर गेलो, मास्तरांनी काही विचारलं नाही.

वर 'गेलो' लिहिलं गेलंय. गेले.

१६ मार्च, सोमवार

इंजिनवाल्याची बायको कारखान्यात आली. सगळ्या मशिनी एकदम हळू झाल्या. बायकांना ऐकायचं असतं. मी तिला कापडाच्या गठ्ठ्यांमागे नेलं.

"तुमच्या रिपोर्टात घोळ झालाय म्हणे. बंदरावर कळलं."

म्हटलं, घोळ नाही. मग सांगितलं तिला सगळं. तिने माझ्या हाताच्या शिरांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमच्याकडे एवढा आहे," ती म्हणाली, "तर तिथला मला द्या."

"तो तुमचा नसला तरी?"

"तुम्ही तुमचा घरी घेऊन फिरताय. मला एक कंगवासुद्धा नाही. कुणाचाही असू दे. मी नीट निरोप देईन त्याला. कागदावर तुम्ही फक्त म्हणा की आमचा नाही."

ती हे रागाने म्हणाली नाही, नाहीतर सोपं गेलं असतं. मी म्हटलं, आईला विचारते. खोटं बोलले. तिलाही ते कळलं. जाता जाता म्हणाली, "जपा हो. तब्येतीला. दोघांच्या."

मास्तरांनी नंतर चहा पाठवला. चहा कधी पाठवत नाहीत.

१८ मार्च, बुधवार

आईला सांगितलं. आजारपण तिला आठवत होतं, पण रक्त अजूनही त्याचंच बनतं हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, एक बाटली दिली, संपली.

"अजून?"

"रोज बनतं म्हणाल्या."

तिने हात पुढे केला. मी माझा दिला. ती मनगट चाचपडत नाडीपर्यंत आली आणि तिथे बोटं ठेवून बसली. मग खाली वाकून कान लावला. मी म्हटलं, आई, असं काही ऐकू येत नसतं. तिने दुसऱ्या हाताने मला गप्प राहायची खूण केली.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "पायऱ्या चढून आल्यावर धडधडायचं त्याचं असंच."

मग आपणहून म्हणाली, "उद्या चल. माझं रक्त घेऊ दे त्यांना."

मला वाटलं, मानलं तिने. सुटले असं वाटलं.

१९ मार्च, गुरुवार

आईने रक्त दिलं. सुई टोचताना बाईंना म्हणाली, "नीट जुळवा. माझा मुलगा आहे तो. जिवंत आहे. हे काय, हिच्यात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

२१ मार्च, शनिवार

आई आता दिवसातून तीनचारदा मनगट मागते. भाजी निवडताना, फोनवर असताना. सोडवत नाही हात. मी सोडूनही घेत नाही. बोटं थंड असतात तिची.

डबीतले शेंगदाणे तिने शेजारणीला देऊन टाकले. "त्याला चालत नाहीत," म्हणाली. मी म्हटलं, मला. "तेच ते," म्हणाली.

आज चाकूने बोट कापलं. जरासंच. रक्ताचा थेंब ओट्यावर पडला आणि मला तो पुसवेना. फडकं हातात घेऊन उभी राहिले. किती साधा दिसतो. कुणाचाही असू शकला असता. शेवटी पुसला, पण फडकं धुतलं नाही. घडी करून ठेवलं.

२४ मार्च, मंगळवार

कागद मिळाले. थंड खोलीतला माणूस आईचा मुलगा. माझे केस आईच्या मुलीचे, आणि त्या माणसाच्या बहिणीचे. माझं रक्त आईच्या मुलाचं. बाईंनी तिन्ही कागद सह्या करून दिले, वर एक पानभर खुलासा लिहिला. दारापर्यंत सोडायला आल्या. "तुम्ही कुणाशी तरी बोला," म्हणाल्या. म्हटलं, बोलते. पण कुणाशी?

घरी आईला तिन्ही वाचून दाखवले. पहिला वाचताना ती तांदूळ पाखडत होती. पाखडायचं थांबली नाही. शेवटचा वाचला तेव्हा थांबली.

"परत वाच."

वाचला.

"परत."

२५ मार्च, बुधवार

त्याला घालायला शर्ट हवा. घालता येणार नाही, इस्पितळातले म्हणाले, वरून पसरता येईल. कारखान्यात त्याच्या मापाचा नमुना मीच काढून ठेवला होता, मागच्या खुंटीवर, त्याचे सगळे शर्ट त्यावरूनच व्हायचे. सवयीने कापड दुहेरी अंथरलं. कापल्यावर उचललं तर दोन शर्टांचं झालेलं. मास्तर बघत होते. म्हणाले, "एकच हवा होता ना?" मग म्हणाले, "असू दे. दोन्ही शिव."

दोन्ही शिवले. काजं डावीकडे, बटणं उजवीकडे. बाईमाणसाची उलटी असतात.

२६ मार्च, गुरुवार

निरोप दिला. आई आली नाही. "कुणाचं तरी पोर असेल बिचारं. तू जाऊन ये." मी कागदाची आठवण करून दिली. तिने माझ्या मनगटाला हात लावला, जणू तोच कागद.

इंजिनवाल्याची बायको आली होती. लांब उभी राहिली. शेवटी पुढे होऊन शर्टाची घडी सरळ केली. मला म्हणाली, "माझाही निघेल एखाद्या दिवशी. तेव्हा जुळवणार कशाशी?" मग उतार चढून निघून गेली.

मी रडले नाही. परत येताना सबंध रस्ताभर गुणगुणणं ऐकू येत होतं. मी ओठ घट्ट दाबून धरले होते.

२८ मार्च, शनिवार

संध्याकाळी कामावरून आले. आईने पाट मांडले होते. मला त्याच्या जागेवर बसवलं, खिडकीजवळ. ताट वाढलेलं होतं, गरम. आज झाकलेलं नव्हतं.

"जेव भुंग्या. वाळलायस."

म्हटलं, आई, मी ताई आहे. तिच्या डोळ्यांसमोर चेहरा नेला. ती हसली, तो थट्टा करायचा तेव्हा हसायची तशी. "काय नमुना आहे," म्हणाली आणि माझं मनगट धरून घास पुढे केला.

मी हात खेचून घेतला. म्हटलं, तो गेला. परवा मी त्याला निरोप देऊन आले. माझ्या हातांनी. बस झालं आता.

तिने घास ताटात ठेवला. भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. मी सॉरी म्हटलं, पाणी दिलं, पाय चेपले. काहीच नाही.

२९ मार्च, रविवार

आईने कालपासून अन्नाला हात लावलेला नाही. पाणीही नाही. डॉक्टर येऊन गेले. या वयात एक दिवससुद्धा खूप होतो म्हणाले, काहीही करून चार घास पोटात घाला, नाहीतर इस्पितळात हलवावं लागेल.

दूध नेलं. "आई, घे."

ओठ मिटलेले.

मनगट तिच्या हातात दिलं. बोटं हलली नाहीत.

कपाटाला दुसरा शर्ट टांगलेला दिसत होता.

३० मार्च, सोमवार

आई जेवली.

बाकी काही लिहायचं नाही.

२ एप्रिल, गुरुवार

कामावर सगळं ठीक. मास्तर म्हणाले, काय गाणं लागलंय सारखं. बाजूच्या बायका हसल्या. आई बरी आहे, दोन वेळा जेवते, माझ्याशी बोलते. भुंग्याच्या लहानपणीचं बोलते. मला आठवत नाहीत त्या गोष्टींनाही मी हो म्हणते. आज एक गोष्ट तिच्या आधी मीच पुरी केली. ती मी पाहिलेली नव्हती. मी तेव्हा मावशीकडे होते.

कुणाकडून तरी ऐकली असेल.

५ एप्रिल, रविवार

आज पुन्हा तो दुसरा शर्ट घातला. बटणं लावताना हात चुकले नाहीत.

आई म्हणाली, "ताई अजून आली नाही रे."

म्हटलं, येईल.

आई झोपल्यावर जेवलो. भांडी घासली. ताईचं ताट वाढून झाकून ठेवलं.